लोकल सर्व्हर बाहेर दाखवायला कोणता टनेल वापरता? अनुभव हवेत

सांजवारा:

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे एकाच कामासाठी वेगवेगळे टनेल लावून बघतेय. लॅपटॉपवर ३००० पोर्टवर एक अ‍ॅप चालतं आणि ते बाहेरून दिसायला हवंय. कारणं दोन. पेमेंटचे वेबहुक (व्यवहार झाला की पेमेंट सेवा आपणहून पाठवते त्या विनंत्या) तिथे येऊन पोचले पाहिजेत, आणि ज्यांच्यासाठी अ‍ॅप करतेय त्यांना ते आपल्या फोनवर चालवून बघता आलं पाहिजे.

राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून भागेल असं आधी वाटलं होतं. पण राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणून जो पत्ता दिसतो तो १००.७० ने सुरू होतो. म्हणजे सीजीनॅट आलं. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ साली आरएफसी ६५९८ या इंटरनेट नियमांच्या दस्तऐवजाने त्यासाठीच राखून ठेवला. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे सेवा देणाऱ्याने कितीतरी ग्राहक बसवलेले असतात. माझ्या राउटरवर मी हवे तेवढे पोर्ट उघडले तरी सेवा देणाऱ्याकडच्या नॅटला (पत्ते बदलून देणाऱ्या यंत्रणेला) त्याची खबरच नसते. बाहेरून आत यायची वाट बंद, आतून बाहेर जायची तेवढी उघडी. सगळे टनेल याच उघड्या वाटेवर चालतात: आपलं यंत्र बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करून ती धरून ठेवतं, आणि लोकांच्या विनंत्या त्याच जोडणीतून उलट्या आत येतात.

आतापर्यंत जे वापरलं त्याबद्दल:

एनग्रॉक. सगळ्यात जास्त जीव याच्यावर बसला, आणि तो टनेलमुळे नाही, ४०४० पोर्टवरच्या त्याच्या तपासणी पानामुळे. आलेली प्रत्येक विनंती तिथे हेडरसकट दिसते आणि एका बटणाने तीच पुन्हा पाठवता येते. माझ्या वेबहुकच्या कोडमध्ये रक्कम दोनदा नोंदली जात होती. नवा व्यवहार न करता एकच विनंती पुन्हा पुन्हा पाठवून मी ती चूक पकडली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. स्ट्राइप या पेमेंट सेवेच्या विनंतीवरच्या सहीत वेळेचा शिक्का असतो आणि त्यांच्या लायब्ररीत मुळात ५ मिनिटांची मुदत धरलेली आहे. सहाव्या मिनिटाला तीच विनंती परत पाठवली की सही चुकीची ठरते, आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो. मी अख्खी दुपार शोधली.

फुकट योजनेत ब्राउझरमधून येणाऱ्याला आधी इशाऱ्याचं पान दिसतं. फिशिंगवाले अशा पत्त्यांचा गैरवापर करतात, त्यामुळे हे पान का ठेवलंय ते पटतं. वेबहुकला ते आडवं येत नाही. पण पान एका पत्त्यावर आणि एपीआय टनेलच्या दुसऱ्या पत्त्यावर असेल तर ब्राउझरला जेसन स्वरूपातल्या माहितीऐवजी ते एचटीएमएलचं पान मिळतं आणि ती वाचणारा पार्सर पहिल्याच '<' खुणेवर अडतो. ते पान टाळण्यासाठी एनग्रॉकने वेगळा हेडर दिलाय, तो विनंतीत घातला की झालं.

लोकलटनेल. नोडवाल्यांना (जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिणाऱ्यांना) एका ओळीत चालू करता येतो. इथेही पाहुण्याला आधी एक पान दिसतं, ते पासवर्ड मागतं, आणि तो पासवर्ड म्हणजे टनेल चालवणाऱ्याचा सार्वजनिक आयपी. दुसऱ्या कोणाला फोनवर हे समजावून सांगणं कठीण.

क्लाउडफ्लेअरचा झटपट टनेल. खातं नको, काही नको. क्लाउडफ्लेअर्ड हा त्यांचा प्रोग्रॅम चालवून पोर्ट सांगितला की चार इंग्रजी शब्द जोडलेला ट्रायक्लाउडफ्लेअरचा पत्ता मिळतो. हा फक्त चाचणीपुरता आहे असं ते स्वतःच सांगतात. एका वेळी २०० विनंत्यांची मर्यादा आहे आणि सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (सर्व्हर उघड्या जोडणीवर आपणहून पाठवत राहतो ते संदेश) यातून चालत नाहीत. दर वेळी पत्ता बदलतो, म्हणून वेबहुकसाठी हा उपयोगाचा नाही.

वेग तर सगळ्यांचाच ठीक वाटला. मग कायमचा म्हणून कोणता ठेवू? तुम्ही कशावरून ठरवता?

वाटसरू:

सांजवारा, छान लिहिलंय. पण वेग आणि फुकट मर्यादा यांवरून निवडू नका. आधी एवढं बघा की टीएलएसचं, म्हणजे एचटीटीपीएसमधल्या एन्क्रिप्शनचं, कुलूप कुठे उघडतं.

एनग्रॉकचा नेहमीचा एचटीटीपी टनेल आणि क्लाउडफ्लेअरचा टनेल, दोन्हींत ते त्यांच्या सर्व्हरवर उघडतं. ब्राउझर ते त्यांचा सर्व्हर हा एक कुलूपबंद टप्पा, तिथून तुमच्या यंत्रापर्यंत दुसरा. मध्ये, त्यांच्या सर्व्हरच्या स्मृतीत, मजकूर साधा असतो. पासवर्ड, सत्राच्या कुकी, अपलोड केलेली फाइल, सगळंच. त्यांच्यावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. तपासणी पान, मधला फायरवॉल, मधलं लॉगिन या सोयी तिथे कुलूप उघडतं म्हणूनच मिळतात. फक्त हे माहीत असून निवडा.

टेलस्केल फनेल हा टनेल वेगळ्या रीतीने चालतो. त्यांचा रिले सर्व्हर जोडणीच्या सुरुवातीला कोणतं नाव मागितलंय तेवढंच वाचतो आणि उरलेले बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतो. प्रमाणपत्र आणि किल्ली तुमच्याच यंत्रावर, कुलूपही तिथेच उघडतं. किंमत अशी की बाहेरून फक्त ४४३, ८४४३ आणि १०००० हेच तीन पोर्ट मिळतात, आणि पत्ता त्यांच्याच टीएस डॉट नेटखालचा, स्वतःचं डोमेन नाही.

लोकांची वैद्यकीय किंवा आर्थिक माहिती त्या अ‍ॅपमधून जाणार असेल तर माझ्या मते हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या आधी येतो.

पोर्टबंद:

वाटसरूंशी सहमत. पण मला त्याहून जास्त भीती दुसऱ्या गोष्टीची वाटते. हाताला चटका बसलाय म्हणून सविस्तर लिहितो.

टनेलचा एजंट आपल्याच यंत्रावर चालतो आणि तिथूनच आपल्या सर्व्हरशी बोलतो. म्हणजे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेली विनंती सर्व्हरला १२७.०.०.१ (लोकलहोस्ट, म्हणजे हेच यंत्र) वरून आलेली दिसते. आता आठवून बघा, आपण किती ठिकाणी "विनंती लोकलहोस्टवरून आली असेल तर आत घ्या" असं लिहून ठेवलेलं असतं.

माझ्या अ‍ॅपमध्ये चाचणीसाठी एक पान होतं. कोणत्याही वापरकर्त्याच्या नावाने लॉगिन करून देणारं. विनंती १२७.०.०.१ वरून नसेल तर ते ४०३ (मनाई) द्यायचं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. एका संध्याकाळी सहकाऱ्याला रचना दाखवायला स्वतःच्या डोमेनखाली नवं उपनाव काढून टनेल उघडला आणि जेवायला गेलो. परत येऊन लॉग बघतो तर डॉट-एन्व्ह आणि डॉट-गिटमधली कॉन्फिग या गुप्त माहितीच्या फाइली, वर्डप्रेसचं लॉगिन पान अशा विनंत्यांची रांग लागलेली. पहिली विनंती टनेल उघडल्यानंतर काही मिनिटांतच आलेली होती. तो पत्ता मी सहकाऱ्याशिवाय कोणालाही दिला नव्हता. आणि त्या रांगेत एका ठिकाणी "/डीबग" ला २०० (ठीक) हे उत्तर गेलेलं दिसलं. ते माझंच पान होतं.

सुदैवाने तो नुसता चाचपणी करणारा बॉट होता, पान उघडलं आणि पुढे निघून गेला. डेटाबेसमधली नावंही खोटी होती. तरी रात्रभर झोप लागली नाही.

पत्ता त्यांना कळला कसा हे नंतर शोधलं. त्या उपनावासाठी वेगळं प्रमाणपत्र काढलं गेलं होतं. प्रमाणपत्र निघालं की ते सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या सार्वजनिक नोंदवहीत जातं, आणि त्या नोंदवहीवर नजर ठेवून बसलेले बॉट लगेच त्या नावावर येऊन धडकतात. वाइल्डकार्ड (सगळ्या उपनावांना मिळून एकच) प्रमाणपत्राखाली पत्ता मिळत असेल तर नेमकं नाव नोंदवहीत जात नाही. फनेलमध्ये किंवा स्वतःच्या सर्व्हरवर कॅडी हा वेब सर्व्हर लावलात तर जातं. म्हणून टेलस्केलवर यंत्राला नाव देताना स्वतःचं किंवा ग्राहकाचं नाव देऊ नका, ते कायमचं नोंदलं जातं.

तेव्हा टनेल उघडण्याआधी डीबग बंद करा. फ्लास्क या पायथन फ्रेमवर्कचा डीबगर तर ब्राउझरमधूनच पायथनचा कोड चालवू देतो, त्याच्या आणि जगाच्या मध्ये फक्त एक पिन असतो. जँगो हे तसंच दुसरं फ्रेमवर्क, तो डीबगमध्ये असला की एररच्या पानावर सेटिंग्ज आणि चलांच्या किमती मांडून ठेवतो. आणि कोडमध्ये १२७.०.०.१ शोधून बघा.

सांजवारा:

पोर्टबंद, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच कोडमध्ये शोधलं. दोन ठिकाणी निघालं. एक माझं, एक रांगेतली कामं दाखवणाऱ्या लायब्ररीच्या पानाचं. दुसरं मला माहीतच नव्हतं. दोन्हींवर आता पासवर्ड लावलाय. मनापासून आभार.

अजून एक अडचण. क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यावरून उघडलं की माझा डेव्ह सर्व्हर व्हीट म्हणतो, हा होस्ट (पत्त्यातलं नाव) चालणार नाही. एका ठिकाणी सुचवलंय की सगळे होस्ट चालू द्या. तसं करू का?

बिटबाइट:

नको. ती तपासणी डीएनएस रिबाइंडिंगच्या हल्ल्यापासून वाचवायला आहे. तुम्ही दुसऱ्याच कुठल्यातरी साइटवर असताना त्या साइटने आपलं नाव तुमच्या यंत्राच्या पत्त्याकडे वळवलं, तर तुमचा ब्राउझरच तुमच्या डेव्ह सर्व्हरमधला मजकूर तिला वाचून देतो. व्हीटने २०२५ च्या सुरुवातीला हे दार याच कारणाने घट्ट केलं. रेल्स या फ्रेमवर्कने ६ व्या आवृत्तीपासून होस्टची यादी ठेवलीय, जँगोत तर ती फार आधीपासून आहे. यादीत नेमकं तुमच्या टनेलचं नाव घाला. नाव दर वेळी बदलत असेल तर स्थिर नावाचा टनेल घ्यायला हे आणखी एक कारण.

टनेललाच होस्ट हेडर बदलून लोकलहोस्ट असा पाठवायला सांगता येतं. एनग्रॉक आणि क्लाउडफ्लेअर्ड, दोघांतही तो पर्याय आहे. त्याने तक्रार थांबते, पण मग सर्व्हरला आपलं खरं नाव कळत नाही. लॉगिननंतर तो पाहुण्याला "लोकलहोस्ट ३०००" कडे पाठवतो, आणि समोरच्याच्या फोनवर कोरं पान येतं. आपल्या यंत्रावर मात्र सगळं नीट चालताना दिसतं, कारण आपल्याकडे लोकलहोस्ट ३००० खरंच असतो! म्हणून चाचणी नेहमी वायफाय बंद करून फोनवरून करावी.

ओऑथ लॉगिनचंही (दुसऱ्या सेवेच्या खात्याने आत येणं) असंच होतं. बाहेर एचटीटीपीएस, आत साधं एचटीटीपी. अ‍ॅपने बाहेरची जोडणी एचटीटीपीएस होती हे सांगणारा एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पाहिला नाही तर परतीचा पत्ता एचटीटीपीने बनतो आणि लॉगिन देणारी सेवा तो नाकारते. जँगो ४ पासून सीएसआरएफ (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बनावट विनंत्या) रोखण्याच्या विश्वासू यादीत पत्त्याआधी एचटीटीपीएस लिहावंच लागतं, हेही त्याच खात्यात जमा.

उलटा_प्रवाह:

एसएसएचचं (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करण्याच्या साधनाचं) नाव कोणीच काढलं नाही म्हणून मी लिहितो. एखादा छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) असेल तर वेगळं काही बसवायची गरज नाही. एसएसएचला "-आर" पर्याय देऊन व्हीपीएसचा ९००० पोर्ट आपल्या ३००० शी जोडायचा, आणि व्हीपीएसवर कॅडी ठेवून त्याला ९००० कडे बोट दाखवायचं. कॅडी प्रमाणपत्र आपणहून काढतो. पुष्कळ ठिकाणी गेटवेपोर्ट्स (तो पोर्ट बाहेरच्या जगालाही उघडणारी सेटिंग) चालू करायला सांगतात, ते करू नका. मुळात ९००० फक्त व्हीपीएसच्या लोकलहोस्टवर ऐकतो, आणि कॅडी तिथेच असल्यामुळे तेवढं पुरतं.

खरी डोकेदुखी जोडणी तुटण्याची. लॅपटॉप झाकला, तासाभराने उघडला. आपल्या बाजूने जुनी जोडणी मेलेली असते, पण व्हीपीएसला ते कळलेलं नसतं आणि तिकडचा एसएसएचचा जुना सर्व्हर, एसएसएचडी, ९००० धरून बसलेला असतो. नवी जोडणी होते, एसएसएच एका ओळीत सांगतो की पोर्ट मिळाला नाही, पण जोडलेला राहतो. आपल्याला वाटतं टनेल चालू आहे. यावर तीन गोष्टी. आपल्या बाजूला सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० (दर ३० सेकंदांनी जोडणी जिवंत आहे का बघायचं) आणि एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर (पोर्ट मिळाला नाही तर बंद व्हायचं) चालू. व्हीपीएसच्या बाजूला क्लायंटअलाइव्हइंटरव्हल, म्हणजे तोही मेलेली जोडणी सोडून देईल. आणि सगळ्यावर ऑटोएसएसएच किंवा सिस्टमडीचं युनिट, पडला की उचलायला. एवढं केल्यावर माझा टनेल कित्येक महिने हात न लावता चालू आहे.

उणी बाजू सांगायला हवी. सगळ्या विनंत्या एकाच टीसीपी जोडणीतून जातात. खराब नेटवर्कवर एक पॅकेट हरवलं की मागचे सगळे खोळंबतात, आणि चित्रांनी भरलेलं पान उघडताना ते जाणवतं. क्लाउडफ्लेअर्ड क्विक या प्रोटोकॉलवर चालतो, त्यात प्रवाह वेगवेगळे असतात. मात्र तो ७८४४ पोर्टने बाहेर पडतो, आणि कडक नेटवर्कमध्ये तोच बंद असतो. अशा जागी पिंगी हा टनेल कामाला येतो. तो साधा एसएसएचच, पण ४४३ पोर्टवरून. फुकटात ६० मिनिटांनी तुटतो, एखादं प्रात्यक्षिक दाखवायला तेवढं खूप झालं.

वाटसरू:

यात भर घालतो. सेवा पाच-सहा झाल्या की एसएसएचच्या ओळी सांभाळणं जड जातं. तिथे एफआरपी हा टनेलचा प्रोग्रॅम घ्या. गो भाषेत लिहिलेला, एक भाग व्हीपीएसवर, दुसरा आपल्याकडे, आणि सगळी मांडणी एका टॉमल फाइलमध्ये. टोकन (गुप्त शब्द) लावल्याशिवाय मात्र सुरू करू नका. मुळातला ७००० पोर्ट सगळ्यांना माहीत आहे.

बोअर हा आणखी एक तसाच प्रोग्रॅम, तो रस्ट भाषेत लिहिलाय आणि अगदी चिमुकला आहे, अर्ध्या तासात सगळा कोड वाचून होतो. शिकायचं असेल तर तोच वाचा. पण तो मधला मजकूर कुलूपबंद करत नाही. गुप्त शब्द लावता येतो, तो फक्त कोण जोडतंय हे तपासण्यापुरता. लॉगिन असलेलं काहीही त्यावरून उघडं पाठवू नका.

नवी_खिडकी:

धागा वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. एक शंका. वेबहुकसाठी टनेल लागतोच का?

पोर्टबंद:

चांगला प्रश्न. पुष्कळदा लागत नाही. स्ट्राइपची आज्ञावली "लिसन" म्हणून चालवली की ती स्वतः बाहेर जोडणी करते आणि घटना तुमच्या लोकल पत्त्यावर आणून टाकते. गिटहबच्या आज्ञावलीलाही वेबहुक पुढे पाठवण्याची जोड मिळते. दोन्हींत सार्वजनिक पत्ताच तयार होत नाही, त्यामुळे बॉटही येत नाहीत.

स्ट्राइपमध्ये लोक एका ठिकाणी हटकून अडतात. "लिसन" सुरू होताना सहीची एक वेगळी गुप्त किल्ली छापते. डॅशबोर्डवरची किल्ली तिथे चालत नाही. सही जुळत नाही म्हणून कोड उचकटण्याआधी ती ओळ बघा. आणि सही तपासताना विनंतीचा मजकूर कच्चा, आला तसा घ्या. जेसन वाचून पुन्हा लिहिला की एखादी मोकळी जागा इकडची तिकडे होते आणि एचमॅक, म्हणजे मजकुरावरून काढलेली सही, बदलतो.

सांजवारा:

हे सगळं करून पाहिलं. आज काय ठरलं ते सांगते.

वेबहुक टनेलमधून काढलेच. स्ट्राइपची "लिसन" चालवतेय. वेगळ्या किल्लीचं पोर्टबंद यांनी लिहिलं नसतं तर मी तिथे नक्की अडकले असते. एनग्रॉक ठेवलाय, पण विनंती बारकाईने बघायची असेल तेव्हाच उघडते आणि काम झालं की बंद करते.

अ‍ॅप दाखवण्यासाठी स्वतःच्या डोमेनवर क्लाउडफ्लेअरचा स्थिर नावाचा टनेल घेतला, आणि पुढे त्यांचंच अ‍ॅक्सेस, म्हणजे मधलं लॉगिन, लावलं. ज्यांचे ईमेल पत्ते मी यादीत टाकले त्यांनाच कोड जातो, बाकीच्यांना माझं अ‍ॅप दिसतच नाही. वाटसरूंनी म्हटल्याप्रमाणे कुलूप त्यांच्याकडे उघडतं, म्हणून त्यात फक्त खोटा डेटा ठेवलाय. खरा डेटा या यंत्रावर आणायचाच नाही असं ठरवलं.

आणि शेवटची अडचण. टनेल जोडलेला दिसतो, पण पान उघडलं की ५०२ (मागच्या सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही). लॅपटॉपवर लोकलहोस्ट ३००० मात्र छान उघडतं.

बिटबाइट:

दोन वेगवेगळे लोकलहोस्ट झाले असणार. नोड १७ पासून नावाचा पत्ता जसा मिळेल त्याच क्रमाने घेतो, त्यामुळे डेव्ह सर्व्हर पुष्कळदा फक्त आयपीव्ही६ च्या ::१ वर (१२७.०.०.१ चा नव्या पद्धतीचा जोडीदार) ऐकत बसतो. ब्राउझर दोन्ही करून बघतो म्हणून तिथे उघडतं. टनेलच्या मांडणीत तुम्ही १२७.०.०.१ लिहिलं असेल तर तिथे कोणीच नाही, आणि ५०२ येतो. सर्व्हर सुरू करताना होस्ट म्हणून १२७.०.०.१ द्या आणि टनेलमध्येही तोच अंक लिहा, लोकलहोस्ट हा शब्द दोन्हीकडून काढा. ०.०.०.० (सगळ्या नेटवर्कवर ऐका) देऊ नका, नाहीतर त्याच वायफायवरच्या सगळ्यांना अ‍ॅक्सेसला वळसा घालून सरळ आत येता येईल.

सांजवारा:

तेच होतं. दोन्हीकडे १२७.०.०.१ लिहिलं, वायफाय बंद करून फोनवरून बघितलं, आधी कोड मागितला आणि मग पान उघडलं. ज्यांच्यासाठी अ‍ॅप करतेय त्यांनाही आत्ताच दुवा पाठवला.